दोन भावांचा नौकाकारखाना
ब्रिस्टलच्या हेरेशॉफ मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा इतिहास

ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्रिस्टल या बंदरगावात १८७८ साली दोन सख्ख्या भावांनी भागीदारीत एक कारखाना काढला. थोरले जॉन ब्राउन हेरेशॉफ सदतीस वर्षांचे होते आणि ऐन पौगंडावस्थेपासून पूर्ण अंध होते. धाकटे नॅथॅनिएल ग्रीन हेरेशॉफ तीस वर्षांचे, यांत्रिकी अभियांत्रिकी शिकलेले. कारखान्याला नाव दिले 'हेरेशॉफ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी'. १८९३ ते १९३४ या काळात 'अमेरिकाज कप' या शिडाच्या नौकांच्या सर्वांत मानाच्या शर्यतीसाठी आठ लढती झाल्या. आठही वेळा अमेरिकेच्या बाजूने उतरलेली नौका या एकाच कारखान्यात बांधलेली होती आणि आठही वेळा चषक अमेरिकेतच राहिला.

न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ब्रिस्टलची चार जुलैची मिरवणूक पाहिली असेल. १७८५ पासून हे गाव स्वातंत्र्यदिन साजरा करत आले आहे आणि त्या दिवशी होप स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. त्याच रस्त्याने दक्षिणेकडे बंदराच्या कडेकडेने गेले, की हेरेशॉफ बंधूंच्या कारखान्याची जागा लागते. नव्या देशात घर केले की तिथल्या थोर संस्थांचा इतिहासही आपण आपल्या भाषेत लिहून ठेवला पाहिजे, या भावनेने हा लेख या स्मरणिकेसाठी लिहिला आहे. जगात नाव झाले ते धाकट्या भावाचे, 'कॅप्टन नॅट' यांचे. पण ही संस्था उभी राहिली ती दोघांच्या जोडीवर, आणि तिचा सगळा चढउतार या जोडीच्या आधारेच नीट समजतो.

घर आणि पाणी

जॉन यांचा जन्म १८४१ चा, नॅट यांचा १८ मार्च १८४८ चा. घर नॅरागान्सेट उपसागराच्या काठी. वडिलांना शिडाच्या होड्यांचे वेड, आणि मुले चालायला लागली की पाण्यावर जाणार हे ठरलेलेच. या भावंडांपैकी काहींच्या नशिबी अंधत्व आले. जॉन त्यांतले एक. दृष्टी गेली तेव्हा ते लहान वयातच होड्या बांधू लागले होते. दृष्टी गेली म्हणून त्यांनी काम सोडले नाही. लाकडाची जात, त्याचे रेषे, रंधा कुठे कमी लागला आहे, हे सारे ते बोटांनी ओळखू लागले.

१८६० च्या सुमारास 'स्प्राइट' नावाची वीस फुटी होडी घरच्या घरी बांधली गेली. तेव्हा छोट्या नॅटने लाकडी नमुन्यावरून मापे घेऊन पूर्ण आकाराची आकडेवारी काढून दिली. त्याचे वय होते जेमतेम अकरा-बारा. थोरल्याची कल्पना आणि हात, धाकट्याचे मोजमाप, ही कामाची वाटणी अशी लहानपणीच पडली. 'स्प्राइट' अजूनही ब्रिस्टलच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

जॉन यांनी १८६३ मध्ये नौकाबांधणीचा धंदा सुरू केला. नॅट १८६६ मध्ये बोस्टनला गेले आणि नव्यानेच सुरू झालेल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तीन वर्षे शिकले. लहानमोठ्या नौका एकाच शर्यतीत उतरल्या तर कोणाला किती वेळाची सूट द्यायची, याची कोष्टके त्यांनी विद्यार्थिदशेतच तयार केली होती. शिक्षणानंतर प्रॉव्हिडन्सच्या कॉर्लिस स्टीम इंजिन कंपनीत नोकरी लागली. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेच्या शताब्दीचे प्रदर्शन भरले. तिथली सारी यंत्रे कॉर्लिसच्या १४०० अश्वशक्तीच्या, चाळीस फूट उंच वाफेच्या इंजिनावर चालत. त्याची देखरेख या तरुण अभियंत्याकडे होती. दिवसा इंजिने आणि रात्री भावासाठी नौकांची आखणी, असा क्रम त्यांनी कित्येक वर्षे पाळला.

त्याच १८७६ साली नॅट यांनी न्यूयॉर्कच्या शताब्दी शर्यतीत 'अमॅरिलिस' ही दोन समांतर सांगाड्यांची नौका आणली. तिने बाकीच्या नौकांना मागे टाकले. तक्रारी झाल्या आणि तिला बाद ठरवण्यात आले. नॅट यांनी पुढच्या वर्षी या रचनेचे पेटंट घेतले. आज जगभर दिसणाऱ्या कॅटमरान नौकांच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान आहे.

वाफेची वर्षे

नॅट यांनी नोकरी सोडली आणि १८७८ मध्ये भागीदारी झाली. जॉन अध्यक्ष, नॅट कारखान्याचे अधीक्षक. गिऱ्हाइकाशी बोलणी, किंमत, करार, लाकूड-धातूची खरेदी, पैशांचा हिशोब हे सगळे जॉन यांच्याकडे. वाचता येत नसल्यामुळे आकडे डोक्यात ठेवण्याची त्यांची सवय इतकी पक्की झाली होती, की नौकेचा अंदाजी खर्च ते मनातल्या मनात मांडत. आखणी, यंत्रे आणि कारागिरी नॅट यांच्याकडे.

पहिली बारा-तेरा वर्षे कारखाना तरला तो वाफेवर. जेम्स या तिसऱ्या भावाने नळीची गुंडाळी करून बनवलेला हलका बॉयलर शोधला होता. त्याला वाफ लवकर चढे आणि वजनही कमी. असा बॉयलर आणि नॅट यांची हलकी इंजिने यांमुळे ब्रिस्टलच्या वाफेच्या नौका वेगासाठी प्रसिद्ध झाल्या. अमेरिकन नौदलासाठी १८७६ मध्येच इथे 'लाइटनिंग' ही टॉर्पेडो बोट तयार झाली होती. १८८५ मध्ये इथल्या 'स्टिलेटो' या वाफेच्या नौकेने हडसन नदीवर 'मेरी पॉवेल' या नावाजलेल्या प्रवासी आगबोटीला शर्यतीत हरवले. नौदलाने नंतर 'स्टिलेटो' विकत घेतली. १८९० मध्ये बांधून झालेली 'कुशिंग' ही नौदलाची टॉर्पेडो बोट क्रमांक १.

याच काळात कारखान्यावर मोठा आघातही झाला. १८८८ मध्ये 'से व्हेन' या नौकेच्या वेगचाचणीत बॉयलरचा अपघात होऊन एकाचा जीव गेला. नॅट यांचा वाफेची यंत्रे चालवण्याचा परवाना रद्द झाला. त्यानंतरच्या वर्षांत त्यांचे चित्त पुन्हा शिडाकडे वळले आणि कारखान्याच्या इतिहासाचे नवे पर्व सुरू झाले.

अर्धी प्रतिकृती, उलटी नौका

ब्रिस्टलला नौका कशी जन्माला येई, हे नीट पाहिले पाहिजे, कारण संस्थेचे खरे वैभव तिथे आहे.

नॅट आधी कागदावर आराखडा काढत नसत. संध्याकाळी घरी ते मऊ पाइन लाकडाचा ठोकळा घेत आणि चाकू, रंधा, पॉलिशकागद यांनी नौकेच्या अंगाची अर्धी प्रतिकृती कोरत. नौकेच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, त्यामुळे अर्धी पुरे. एकदोन संध्याकाळींत प्रतिकृती तयार होई. मग ती जॉन यांच्या हाती जाई. ते नाळेपासून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत तळवा फिरवत. बोटांच्या टोकांनी पुन्हा एकदा माघारी येत. कुठे पोट जास्त फुगले आहे, कुठे रेषा अडखळते आहे, हे त्यांना कळे आणि ते स्पष्ट बोलत. ज्या आकारावर लाखांचे करार व्हायचे, तो आकार ठरे तो एकाच्या डोळ्यांनी आणि दुसऱ्याच्या बोटांनी.

मग नॅट स्वतः बनवलेल्या एका मोजणीच्या यंत्राने प्रतिकृतीवर ठरावीक अंतरांवर मापे घेत आणि छोट्या वहीत आकडे लिहीत. या वहीवरून नौकेचा पूर्ण आकार उभा राही. इतर ठिकाणी काही मोजके साचे उभे करून मधल्या बरगड्या अंदाजाने बसवत. ब्रिस्टलला प्रत्येक बरगडीसाठी वेगळा साचा बने. पांढऱ्या ओकची पट्टी वाफेत मऊ करून साच्यावर वाकवली जाई. मग हे सारे साचे जमिनीवर उलटे, म्हणजे नौकेचा कणा वर येईल असे, ओळीने उभे राहत. फळ्या बसवणाऱ्या सुताराला पाठीवर झोपून डोक्यावर काम करावे लागत नसे. तो उभ्याने, उजेडात, वरून खाली फळी चढवी. सांधा घट्ट बसे आणि काम लवकर उरके. शेवटी तयार अंग सुलटे करत.

साचे जपून ठेवले जात, म्हणून तशीच दुसरी नौका पुन्हा बांधता येई. १९०५ साली न्यूयॉर्क यॉट क्लबला तंतोतंत एकसारख्या अठरा नौका हव्या होत्या, म्हणजे शर्यतीत फक्त खलाशाचे कसब दिसेल. 'न्यूयॉर्क थर्टी' नावाच्या या अठराही नौका ब्रिस्टलने एका हिवाळ्यात बांधून वेळेवर दिल्या. कारखाना या शब्दाला शोभेल असे हे काम होते.

ओतकाम, बॉयलर, कप्प्या, खिट्या, शिडे, सगळे याच आवारात होई. शिडाचे तागे आधी उभे जोडत आणि वाऱ्याने शिवण ताणली की शिडाचा आकार बिघडे. नॅट यांनी तागे आडवे, शिडाच्या मागच्या कडेला काटकोनात जोडायला सुरुवात केली. ताण धाग्यांच्या दिशेने गेला आणि शीड आकार धरून राहू लागले. डोलकाठीपासून खिळ्यापर्यंत सर्व गोष्टी एकाच डोक्यातून निघत आणि एकाच देखरेखीखाली बनत. म्हणून ब्रिस्टलची नौका इतरांपेक्षा हलकी असूनही मजबूत असे.

चषकाची वर्षे

१८९१ मध्ये 'ग्लोरियाना' पाण्यात उतरली. तिची नाळ जवळजवळ सरळ तिरप्या रेषेत पाण्यावर पुढे झेपावलेली होती. पहिल्या हंगामात ती आठ शर्यती धावली आणि आठही जिंकली. त्याच वर्षी 'डायलेमा' आली. हिच्या उथळ अंगाखाली पोलादी पत्र्याचे पाते आणि त्याच्या तळाशी शिशाचा गोळा होता. निरम, म्हणजे नौका स्थिर ठेवणारे वजन, जितके खाली, तितकी नौका कलंडायला कठीण. आजच्या शर्यतीच्या नौकांचे कणे याच विचारावर बांधलेले असतात.

अमेरिकाज कपचे नाव १८५१ मध्ये इंग्लंडला जाऊन जिंकून आलेल्या 'अमेरिका' या नौकेवरून पडले. पुढे हा चषक न्यूयॉर्क यॉट क्लबकडे आला आणि तो सोडवायला ब्रिटिश नौका येत. १८९३ मध्ये बचावाची जबाबदारी ब्रिस्टलकडे आली. 'व्हिजिलंट'ने 'व्हल्किरी २'ला हरवले आणि त्या लढतीत सुकाणू खुद्द नॅट यांच्या हाती होते.

१८९५ च्या 'डिफेंडर'मध्ये वजन वाचवण्यासाठी नॅट यांनी पाण्याखाली कांसे, पाण्यावर ॲल्युमिनियम आणि आतून पोलादी बरगड्या वापरल्या. नौका जिंकली. पण भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. काही वर्षांतच 'डिफेंडर' मोडीत निघाली. त्या पिढीला ॲल्युमिनियम नवे होते. त्याची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही एकाच नौकेने दाखवून दिल्या.

पुढची नौका 'कोलंबिया'. तिने १८९९ आणि १९०१ अशा दोन लढती जिंकल्या. समोर होते सर थॉमस लिप्टन. आपल्या घरोघरी पोचलेला लिप्टन चहा यांचाच. गरिबीतून वर आलेल्या या व्यापाऱ्याने 'शॅमरॉक' नावाच्या एकामागून एक पाच नौका आणल्या. पाचही वेळा त्यांच्यासमोर ब्रिस्टलची नौका होती, आणि पाचही वेळा हसतमुखाने हार स्वीकारून त्यांनी अमेरिकन जनतेचे मन जिंकले.

'रिलायन्स' आणि तिच्यावरचा उपाय

१९०३ ची 'रिलायन्स' म्हणजे कारखान्याच्या कौशल्याचा कळस. तिचा बांधणी क्रमांक ६०५. टोकापासून टोकापर्यंत लांबी सुमारे २०० फूट, शिडांचे क्षेत्रफळ १६,१६० चौरस फूट, आणि साठांहून अधिक खलाशी. शिडांचे दोर ओढायला डेकखाली दोन वेगांची यंत्रे बसवली होती. सुकाणू पोकळ होते. त्यात पाणी भरून किंवा काढून त्याचे वजन बदलता येई.

या आकारमानामागे नियमाचा अचूक अभ्यास होता. नियमाने पाण्याच्या रेषेवरची लांबी ९० फुटांवर बांधली होती आणि ती मोजली जाई नौका सरळ उभी असताना. नॅट यांनी दोन्ही टोके पाण्याबाहेर लांबवर काढली. वारा भरून नौका कलली, की ही टोके पाण्याला टेकत आणि पाण्यावरची लांबी वाढे. पाणी कापणाऱ्या नौकेचा वेग या लांबीवर अवलंबून असतो. त्यामुळे कललेली 'रिलायन्स' कागदावरच्या नियमापेक्षा कितीतरी मोठी नौका होऊन धावे. तिने 'शॅमरॉक ३'ला तीन विरुद्ध शून्य असे हरवले.

पण अशी नौका त्या एका उन्हाळ्यापुरतीच. दुसऱ्या कशासाठी तिचा उपयोग नव्हता आणि १९१३ मध्ये ती भंगारात गेली. नौकांची ही दिशा बरी नव्हे, हे ज्यांनी ओळखले त्यांत नॅट स्वतः होते. न्यूयॉर्क यॉट क्लबने विचारल्यावर त्यांनी नवे सूत्र मांडले. लांबी, शिडांचे क्षेत्रफळ आणि वजन या तिघांचा मेळ घालणाऱ्या या सूत्राने फार हलक्या आणि अवाढव्य शिडांच्या नौकेला तोटाच होई. 'युनिव्हर्सल रूल' या नावाने तो नियम अनेक वर्षे चालला. आपल्या सर्वांत मोठ्या विजयाची वाट पुढच्यांसाठी स्वतःच बंद करणारा माणूस दुर्मिळ. या एका गोष्टीसाठी नॅट यांच्याबद्दलचा माझा आदर त्यांच्या सगळ्या चषकांपेक्षा मोठा आहे.

'रेझोल्यूट' १९१४ मध्ये तयार झाली. महायुद्धामुळे लढत सहा वर्षे लांबली. १९२० मध्ये 'शॅमरॉक ४'विरुद्ध पहिल्या दोन शर्यती हरूनही उरलेल्या तिन्ही जिंकून तिने चषक राखला. नॅट यांनी आखलेली ही पाचवी बचावनौका.

मुलांची नौका

अब्जाधीशांच्या नौका गाजल्या, पण कारखान्याची सर्वांत टिकाऊ देणगी फार लहान आहे. १९१४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या बझर्ड्स उपसागराकाठच्या काही कुटुंबांना मुलांना नौकानयन शिकवण्यासाठी होडी हवी होती. तिथे दुपारचा वारा जोरकस आणि लाटा आखूड, उंच. मुले एकटी गेली तरी पालकांना घोर लागू नये, अशी होडी हवी होती. नॅट यांनी पाण्यावर साडेबारा फूट लांबीची, शिशाच्या जड कण्याची होडी आखून दिली. बांधणी क्रमांक ७४४. लोक तिला 'साडेबारा' याच नावाने ओळखतात. कारखान्याने पुढच्या तीन दशकांत अशा साडेतीनशेहून अधिक होड्या बांधल्या.

या होडीतही 'रिलायन्स'इतकीच काळजी होती. तसाच प्रत्येक बरगडीचा साचा, तशीच सांध्यांची सफाई. मुलाची होडी म्हणून कुठे हात आखडला नाही. त्या काळी पाण्यात उतरलेल्या लाकडी 'साडेबारा' आजही न्यू इंग्लंडच्या उन्हाळी शर्यतींत धावतात आणि फायबरग्लासमध्ये त्याच रेषांच्या होड्या निघतात.

जोडी फुटल्यावर

२० जुलै १९१५ रोजी जॉन गेले. नॅट तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. हात आणि बुद्धी शाबूत होती, पण करार, देणी-घेणी आणि भांडवल यांचा भार त्यांनी कधी उचलला नव्हता. दोनच वर्षांत कंपनी काही धनाढ्य नौकाप्रेमींच्या गटाने विकत घेतली. १९२४ मध्ये ती लिलावात निघाली आणि हॅफेनरेफर कुटुंबाने ती घेऊन चालू ठेवली.

नव्या मालकांच्या काळातही कारागिरी टिकली. १९३० ची 'एंटरप्राइझ' आणि १९३४ ची 'रेनबो' या बचावनौका स्टार्लिंग बर्जेस यांच्या आखणीवरून इथेच बांधल्या गेल्या, आणि त्या नॅट यांच्या युनिव्हर्सल रूलप्रमाणेच होत्या. दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी टॉर्पेडो बोटी आणि इतर लहान नौका झाल्या. युद्ध संपले, सरकारी कामे थांबली आणि कारखानाही बंद पडला.

नॅट यांनी २ जून १९३८ रोजी ब्रिस्टलमध्येच देह ठेवला. वय नव्वद. त्यांचे पुत्र सिडनी आणि एल. फ्रान्सिस दोघेही नौका आखणारे झाले. फ्रान्सिस यांची १९३६ ची 'टायकॉन्डेरोगा' फार गाजली आणि वडिलांचे चरित्रही त्यांनीच लिहिले.

जॉन यांच्या मृत्यूनंतरचा हा भाग संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. लोक प्रतिभेचे नाव लक्षात ठेवतात. मात्र त्या प्रतिभेला वेळेवर लाकूड, मजुरी आणि निवांतपणा पुरवणारा माणूस गेला, की प्रतिभा तितकीच असूनही संस्थेचे पाय डळमळतात. ब्रिस्टलला थोरल्या भावाची जागा घेणारा माणूस वेळेत तयार झाला नाही.

आज काय उरले आहे

१९७१ मध्ये सिडनी आणि त्यांच्या पत्नी रिबेका यांनी कारखान्याच्या जागी हेरेशॉफ मरीन म्युझियम सुरू केले. १९९२ पासून अमेरिकाज कपचे स्मृतिदालनही तिथे आहे. तिथे मूळ नौका आहेत, 'रिलायन्स'ची एक षष्ठांश आकाराची भव्य प्रतिकृती आहे, आणि नॅट यांनी कोरलेल्या अर्ध्या प्रतिकृतींची खोली आहे. कारखान्याचे हजारो आराखडे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नौकासंग्रहात सांभाळले आहेत. नॅट यांची स्वतःची लाडकी 'अलेरियन' ही १९१२ ची नौका कनेक्टिकटच्या मिस्टिक सीपोर्टमध्ये आहे.

हेरेशॉफ बंधूंनी प्रत्येक नौकेला क्रमांक दिला, मापे वहीत लिहिली, साचे आणि प्रतिकृती जपल्या. त्यामुळे एखादी जीर्ण नौका कोणाच्या हाती लागली, तर तिचा क्रमांक पाहून मूळ आकडे शोधता येतात आणि ती मूळ रेषेत पुन्हा उभी करता येते. अमेरिकेत आणि युरोपात आजही कारागीर या नोंदींवरून काम करत आहेत. कारखान्याने नीट ठेवलेल्या नोंदी कारखान्यापेक्षा जास्त जगल्या. आपल्या मंडळांनी, शाळांनी आणि ग्रंथालयांनी हेरेशॉफ बंधूंकडून एवढी एक शिस्त घेतली, तरी पुढच्या पिढीला आपले काम आपल्याशिवाय पुढे नेता येईल.